यादीतली नऊ घरं

शनिवारी सकाळी मी अक्रोडाच्या रोलचं पीठ मळत होते. चर्चच्या विक्रीसाठी दोन डझन रोल कबूल केले होते आणि यीस्टचं तंत्र असं, की एकदा दूध कोमट झालं की ते तुमच्या सोयीनं थांबत नाही. नवरा शिडी लावून पन्हाळीतली पानं काढत होता. कोपरांपर्यंत पीठ आणि तेवढ्यात दार वाजलं. पुढचं दार.

आमच्या गावात पुढचं दार वाजवणारे तीनच प्रकारचे लोक. विमा विकणारे, देव विकणारे आणि पोलीस. बाकी सगळे मागच्या ओसरीवरून येतात, चिखलाचे बूट तिथेच काढतात आणि "आहेस का गं?" म्हणत थेट स्वयंपाकघरात. त्यामुळे मी हात तसेच वर धरून, जरा धास्तावूनच दार उघडलं.

बाहेर बर्निस ओलेक्सी उभी होती. एकोणऐंशी वर्षांची, जेमतेम पाच फूट, अंगात चर्चला जायचा निळा कोट. शनिवारी.

"आत या ना, बर्निस. हात पिठाचे आहेत, नाहीतर..."

"आत येत नाही मी. तुझा तो शेजारी घरी आहे का?"

"एमिल? असतील की. आज त्यांची व्यायाम शिकवणारी बाई येत नाही."

"मग त्याला माझा निरोप सांग. मी त्याच्या दाराला हात लावणार नाही." तिनं पर्सचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "त्याला म्हणावं, अँडीचा डबा मी तुला दिला होता. तुला. आजारी होतास म्हणून. विकायचाच होता तर माझ्या तोंडावर सांगायचंस, मीच विकला असता. मलाही छत दुरुस्त करायचंय."

"कुठला डबा?"

"बुटांचा डबा गं! आमच्या अँडीच्या बेसबॉलच्या कार्डांचा. डेलच्या दुकानाच्या काचेत मांडलाय. औषधं आणायला गेले तर समोर माझंच अक्षर. 'अँडीचं. हात लावू नये.' मी बारा वर्षांची असताना लिहिलेलं. आणि वर पाटी काय, तर 'याच गावच्या तळघरातून, ताजा माल'. ताजा माल! मासळी आहे का ती?"

मी काही बोलायच्या आत ती पायऱ्या उतरूनही गेली. फाटकाशी थांबून एकदाच वळली.

"एक्केचाळीस वर्षं तो माणूस माझ्या तळघरात एकटा जात होता. मी कधी लक्ष ठेवायला जिन्यावर उभी राहिले नाही."

बर्निसचं हे शेवटचं वाक्य किती जड होतं हे कळायला एमिल हुदाक माहीत असायला हवा.

एमिल आमच्या उजव्या हाताच्या घरात राहतो. चौऱ्याहत्तर वर्षांचा, उंच, पुढे झुकलेला. आयुष्यभर बुटक्या छताच्या तळघरांमधून वावरल्यानं मोकळ्या आकाशाखालीसुद्धा डोकं सांभाळून चालतो. तो भट्ट्या दुरुस्त करायचा. म्हणजे घर तापवायच्या, तळघरातल्या. पेनसिल्व्हेनियाच्या या नदीकाठच्या गावात काचेचा कारखाना बंद पडला, दोन शाळांची एक झाली, पण थंडी काही बंद पडली नाही. त्यामुळे एमिलला काम कायम. जानेवारीत पहाटे चारला फोन केला तरी "येतो" एवढा एकच शब्द बोलायचा आणि यायचा. लग्न केलं नाही. का, असं आमच्या सासूबाईंनी एकदा थेट विचारलं होतं. तो म्हणाला, "विचारायला गेलो त्या दिवशी तिच्या घरची भट्टी बिघडलेली होती. ती दुरुस्त केली आणि विचारायचं राहिलं." खरं की खोटं, देव जाणे.

लोक त्याला किल्ली देऊन कामाला जात. कुंडीखाली, पायपुसण्याखाली, कुणी तर त्याच्या साखळीत कायमचीच अडकवून दिली होती. तळघरात माणसं काय काय ठेवतात! लपवलेल्या बाटल्या, न लावलेली चित्रं, घटस्फोट झालेल्या मुलीचा लग्नाचा झगा. एमिलनं सगळं पाहिलं आणि त्यातलं एक अक्षर कधी वर आणलं नाही. त्याच्या कामाचा एक नियम होता. ज्या घरात भट्टीसाठी गेलो तिथं काही मागायचं नाही. त्यांनी होऊन दिलं तर गोष्ट वेगळी.

हा नियम त्याला महाग पडायचा, कारण एमिलला एक वेड होतं. बेसबॉलची कार्डं.

साधी नव्हे. छप्पन सालची. तो आठ वर्षांचा होता तेव्हाची. च्युइंगगमच्या पाकिटातून खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं निघायची आणि गावातली सगळी पोरं अग्निशमन केंद्राच्या भिंतीशी ती फेकून खेळायची. ज्याचं कार्ड भिंतीच्या सगळ्यात जवळ पडेल तो सगळी उचलणार. आता ही पोरं गरीब, कार्डं थोडी, त्यामुळे खेळायला एकमेकांची उसनी घ्यायची. मग कुणाचं कुठलं यावरून रोज मारामाऱ्या. शेवटी त्यांच्यातल्याच एका शहाण्यानं पद्धत काढली. प्रत्येकानं आपल्या कार्डाच्या पाठीवर, कोपऱ्यात, पेन्सिलीनं आपली खूण करायची. एमिलची खूण तीन तिरक्या रेघा. बर्निसच्या भावाची, अँडीची, शेपूट असलेली चांदणी. वर्गोंच्या जुळ्यांची एकच मासोळी, पण एकाची डावीकडे बघणारी, दुसऱ्याची उजवीकडे. एका कार्डावर चार-चार खुणा, हरलेल्याची खोडलेली, जिंकलेल्याची खाली.

त्या खुणांमुळे ही कार्डं बाजाराच्या दृष्टीनं कचरा. संग्राहकांना काय हवं असतं? हात न लागलेलं. चारही कोपरे टोकदार, पाठ कोरी. एमिलला नेमकं उलट हवं होतं. हात लागलेलं, आणि तेही इथल्याच पोरांचा.

"बाहेरून मागवली तर संच चार महिन्यांत पुरा होईल," असं मी त्याला एकदा म्हटलं होतं.

"बाहेरच्या कार्डाशी माझी ओळख नाही, शेजारीणबाई," तो म्हणाला. "आणि तेवढे पैसेही नाहीत. दोन्ही कारणं खरी आहेत, तुला आवडेल ते घे."

तीनशे चाळीस कार्डांचा संच. गेल्या चाळीस वर्षांत तीनशे एकतीस जमवली, सगळी गावातून. घरं रिकामी करताना लोक हाक मारायचे. अंगणातल्या विक्रीत मिळायची. कार्डावर कुणाचाही चेहरा असो, तो एक डॉलर द्यायचा. आणि एखादं खुणेशिवायचं, कोरं निघालं तर मात्र मालकाला सांगायचा, "हे मला देऊ नका, याचे पैसे येतील." असं सांगून त्यानं किती कार्डं हातची घालवली! एक फार नामांकित खेळाडू त्याला कोंबड्यांच्या खुराड्यावर खिळ्यानं ठोकलेला मिळाला होता. कपाळातच भोक. एमिल तो दाखवताना म्हणायचा, "याला एवढ्या जोरात कधी कुणी बाद केलं नसेल."

राहिली होती नऊ.

पण या दहा वर्षांत गावातलं चित्र बदललं. मी स्वतः त्याला गाडीतून विक्र्यांना नेलंय, म्हणून सांगते. सकाळी सातला टेबल मांडतात आणि सहाला परगावचे लोक विजेऱ्या घेऊन दारात हजर. फोन काढायचा, कार्डाचा फोटो घ्यायचा, भाव पाहायचा. मालकीणही फोन काढते, तीही भाव पाहते. मग जुनं, कोपरे गेलेलं, पाठीवर गिरगटलेलं कार्डसुद्धा साठ डॉलर, कारण कुठल्यातरी कोऱ्या कार्डाचा तो भाव तिनं पाहिलेला असतो. स्वस्त म्हणून जे मिळतं ते नव्वद सालच्या आसपासचं, खोकीच्या खोकी, ज्याला कुणी फुकट हात लावत नाही. चर्चच्या बायकांनीसुद्धा आता शहाणपण शिकून घेतलंय. देणगीत जुनं काही आलं की विक्रीआधी ते डेलला दाखवून घेतात.

डेल फेनिमोर म्हणजे मुख्य रस्त्यावरच्या नाणी आणि कार्डांच्या दुकानाचा मालक. साठीचा, हसरा, बोलका. एमिलचा मित्र. अकरा हिवाळे एमिलनं त्याच्या दुकानाची भट्टी पैसे न घेता चालू ठेवली. दर शनिवारी एमिल त्याच्या गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसायचा, दोघं कागदी पेल्यातून कॉफी प्यायचे आणि मेलेल्या खेळाडूंवरून जिवंत भांडणं करायचे. एमिलला दुसरी चैन नव्हती.

या एप्रिलमध्ये एमिलच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता, की भूल द्यायची त्याला धास्ती वाटते, माणूस परत वर येईलच याची खात्री नाही. पुढं डॉक्टर, वॉकर, व्यायाम यात उन्हाळा गेला. डेल दर रविवारी डोनट घेऊन यायचा. मी खिडकीतून पाहायची. मला बरं वाटायचं.

निरोप काही चांगला नव्हता, पण तो माझ्या पोटात ठेवून रोल वळणं मला जमणार नव्हतं. पिठावर ओलं फडकं टाकलं, हात धुतले आणि कुंपणातून पलीकडे गेले.

एमिल मागच्या खोलीत टेबलाशी बसला होता. मी बर्निसचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मासळीचं वाक्य गाळलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या घरचा पत्ता विचारत होते.

"कुठला डबा? बर्निसनं मला डबा कधी दिला?"

"म्हणजे तुमच्याकडे आलाच नाही?"

"डेल तर मागच्या रविवारी याच खुर्चीत बसून म्हणाला, 'एमिल, गावात आता काही उरलं नाही. विचारून पाहिलं मी. ते दिवस गेले. सोड नाद.' आणि मी म्हटलं, असेल बाबा." मग हळूच म्हणाला, "विचारून पाहिलं म्हणाला. कुणाला विचारलं ते मी विचारलंच नाही."

"त्याला बर्निसच्या डब्याचं कसं कळलं?"

यावर त्यानं जे सांगितलं ते सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

संग्राहकांमध्ये एक रीत आहे. आपल्याला न मिळालेल्या कार्डांचे नंबर कागदावर लिहायचे आणि तो कागद दुकानदाराकडे ठेवायचा. काही आलं तर तो कळवतो. एमिलचा असा कागद डेलकडे कित्येक वर्षं होता, नऊ आकड्यांचा. पण ऑपरेशनच्या आधी त्यानं नवी यादी करून दिली. प्रत्येक आकड्यापुढं घर. एकशे अठरा, बर्निस ओलेक्सी, लोणच्याच्या बरण्यांमागे, बुटांचा डबा. दोनशे सहा, वर्गो, कपडे धुवायच्या यंत्रावरच्या फळीत. असं नऊही घरांचं. कुठलं कार्ड कुणाकडे गेलं ते लहानपणच्या खेळापासून पाठ, आणि कुठं ठेवलंय ते एवढ्या वर्षांत काम करताना दिसलेलं, कधी न मागितलेलं, पण डोक्यात पक्कं बसलेलं.

"मी उठलो नाही तर ही घरं रिकामी होतील तेव्हा कुणीतरी सगळं कचऱ्यात टाकेल, असं वाटलं गं. त्याला म्हटलं, ते लोक घर विकायला काढतील तेव्हाच जा. त्याआधी नाही. त्यानं माझा हात दाबला. म्हणाला, 'कसली काळजी करतोस.'"

"चला," मी म्हटलं. "कोट घाला."

नवऱ्याला शिडीवरूनच सांगितलं, की पीठ फुगून वर आलं तर एक ठोसा मार आणि परत झाक. त्यानं विचारलं, "कुठं चाललीस?" मी म्हटलं, "मासळी बघायला."

डबा खरंच काचेत होता. बर्निसचं बारा वर्षांचं अक्षर, निळ्या शाईतलं, 'हात लावू नये' खाली दोन रेघा. आत चाळीसेक कार्डं, प्रत्येक कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात, प्रत्येकावर भावाची चिठ्ठी. एमिलनं काचेबाहेरूनच दोन-तीन वाचल्या आणि काठी दुसऱ्या हातात घेतली.

आत गेलो तर डेल एकदम उभा राहिला.

"अरे एमिल! वॉकर सुटला? वा! आणि मला फोन नाही केलास? मॅडम, तुम्ही आणलंत ना याला? बसा, बसा. कॉफी ओततो."

"एकशे अठरा बघू," एमिल म्हणाला.

"काय?"

"काचेतला डबा. त्यात एकशे अठरा असेल. बघू दे."

डेलचं हसू जागेवरच होतं, फक्त त्यातला माणूस निघून गेला होता. त्यानं डबा आणला, कार्ड काढून गल्ल्यावर ठेवलं. "मी तुला सांगणारच होतो. रविवारी. म्हटलं, आधी चालायला लागू दे. उगाच तुला दगदग..."

एमिलनं कार्ड पाकिटातून काढलं, उलटं केलं. पाठ स्वच्छ होती. त्यानं ते खिडकीशी नेलं आणि उजेडात तिरपं धरलं, बायका काचेच्या पेल्यावर डाग राहिलाय का पाहतात तसं. मीही पाहिलं. पेन्सिल गेली होती, पण कागदात उठलेला खड्डा जात नाही. कोपऱ्यात चांदणी होती. तिला शेपूट होतं. तिच्याखाली, जरा दाबून काढलेल्या, तीन तिरक्या रेघा, आणि त्यांच्याखाली पुन्हा चांदणी. हे कार्ड अँडीनं हरलेलं, एमिलनं जिंकलेलं आणि पुन्हा कधीतरी अँडीनं परत घेतलेलं.

"हे कुणी खोडलं?"

"खोडलं नाही रे. साफ केलं. सगळेच करतात. साधं रबर आणि..."

"सगळ्यांचं?"

"त्याशिवाय कोण घेणार, एमिल? पाठीवर पोरांनी गिरगटलेलं! परगावचं गिऱ्हाईक पाठ आधी बघतं."

"बर्निसला तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. कार्डं खराब आहेत, तशी काही किंमत नाही. आणि एमिल आजारी आहे, त्याला बघून बरं वाटेल." तो माझ्याकडे वळला. "मॅडम, मी मागितलं नाही हं. तिनं होऊन दिलं. तिनं तर बरोबर लोणच्याची बरणीही दिली."

"ती कुठंय?" मी विचारलं.

तो डब्यातली पाकिटं सारखी करायला लागला. मला वाटतं, दुकानात त्याला लाज वाटली ती या एकाच प्रश्नाची.

एमिल हळू आवाजात म्हणाला, "बाकीच्या आठ घरी गेलास?"

"पाच. वर्गोंनी पैसे मागितले, ते दिले. बाकीच्यांनी तुझं नाव सांगितलं की असंच काढून दिलं. अरे, लोकांना कौतुक आहे तुझं! काय नाव आहे तुझं गावात, तुला कल्पना नाही." हे तो खरोखर कौतुकानं म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, धंदा मंदीत आहे. भाडं वाढलं. मी काही चोरी नाही केली. यादी तूच दिलीस, तुझ्या हातानं. आणि बाकीची तुझी कार्डं मी वेगळी ठेवलीयत. तुला हवी ती घे ना. तुझ्यासाठी दहा टक्के कमी."

मला वाटलं आता एमिल ओरडेल. मीच ओरडायच्या बेतात होते. चाळीस वर्षं जे हुडकलं ते याच दुकानात, नऊपैकी सहा, हात पुढं केला की झालं. एमिलनं एकशे अठरा परत पाकिटात सरकवलं, अगदी जपून, कोपरा लागू न देता, आणि डब्यात त्याच्या जागी ठेवलं.

"माझी यादी परत दे."

डेलनं खणातून कागद काढून दिला. सहा घरांपुढं बरोबरची खूण होती. लाल शाईत.

"पुढच्या शनिवारी येशील ना?" डेल दाराशी म्हणाला. आणि मला अजून सांगता येत नाही, तो ढोंग करत होता की खरंच विचारत होता.

गाडीत बसल्यावर एमिल म्हणाला, "बर्निसकडे ने."

आम्ही तिच्या मागच्या ओसरीवर गेलो. चुलीवर काहीतरी होतं, कोबी आणि लोण्याचा वास येत होता. रेडिओ चालू होता. मी हाक मारली. रेडिओ बंद झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा दोन बोटं हलला आणि पडला. एमिल काठीवर भार देऊन दहा मिनिटं उभा राहिला. त्याला अजून एवढं उभं राहायची परवानगी नव्हती.

"बर्निस," तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "मी एमिल."

आतून भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

परत येताना वर्गोंच्या घरावरून गेलो. जुळ्यांपैकी एकच आता उरलाय, तो पानं झाडत होता. एमिलनं हात वर केला. त्यानंही केला, पण अर्धाच, आणि मग त्याच हातानं टोपी सारखी केली. एमिलनं काच वर घेतली.

माझ्या स्वयंपाकघरात पीठ फुगून फडक्याबाहेर आलं होतं. नवऱ्यानं ठोसा मारला होता, पण भीत भीत. मी एमिलला खुर्ची दिली, कॉफी दिली. तो कॉफी प्यायला नाही. यादी टेबलावर पसरली. पिठाचा डाग लागेल म्हणून मी परात बाजूला सरकवली.

"डेलचं काय करणार?" मी विचारलं. "चर्चमध्ये सांगूया. मी सांगते. सोमवारपर्यंत अख्ख्या गावाला कळेल. बायका त्याच्याकडे परत काही दाखवायला नेणार नाहीत."

"ते तू करशील हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "कर. पण ते नंतर."

मग तो यादीवर बोट ठेवून बोलला. एरवी एका वाक्यात संपवणारा माणूस.

"मला वाटायचं, मी कधी मागितलं नाही म्हणजे मी चांगला. एक्केचाळीस वर्षं तिनं मला खाली सोडलं आणि मी भट्टीकडे बघत होतो असं तिला वाटत होतं. मी फळीकडे बघत होतो. प्रत्येक वेळी बरण्या थोड्या सरकवून बघायचो, अजून आहे ना. हात लावला नाही, पण बघितलं. आणि मग ते लिहून काढलं. कुणाच्या घरात कुठं काय आहे, आकड्यासकट. चोराला दुसरं काय लागतं? डेल दाराशी गेला, पण त्याच्या खिशात कागद माझा होता."

"तुम्ही मित्राला दिला होता तो कागद."

"हो. मित्राला." एमिलनं तो शब्द एकदा तोंडात फिरवून पाहिला. "अकरा वर्षं माझ्याशेजारी बसून तो ऐकायचा ना, कुठली खूण कुणाची, मला वाटायचं यालाही आवडतंय. आणि तोच रबर घेऊन बसला. विकली असतीस तरी चाललं असतं रे, असं त्याला सांगावंसं वाटलं. विकायचीस तर तशीच विकायचीस."

त्याचे डोळे भरले नाहीत. तो तसला माणूस नाही. त्यानं यादीची घडी केली, आणखी एक घडी केली आणि ती कॉफीच्या बशीखाली ठेवली. मी पीठ पाटावर घेतलं, कारण हातांना काहीतरी हवं होतं. नवरा दारातून डोकावला, आमच्याकडे पाहिलं आणि परत पानांकडे गेला.

"तू रोल द्यायला उद्या चर्चमध्ये जाणार," एमिल म्हणाला. "बर्निस असेल."

"असेलच. कॉफीचं टेबल तिचंच असतं."

"माझ्याशी ती बोलणार नाही. तुझ्याशी बोलेल. एक काम कर माझं."

"सांगा ना."

"तिला सांग, डबा माझ्यापर्यंत आला नाही. आणि सांग, यादी माझी होती." तो उठायला लागला, काठी शोधली, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "दोन्ही सांग, शेजारीणबाई. पहिलं सांगून थांबू नकोस."